केतकी रंगाची साय

गोऱ्या रंगावर जीव टाकणाऱ्या आपल्या मुलखात एका मुलीला तिच्या गोऱ्या रंगाचं फाउंडेशन मिळत नव्हतं, असं सांगितलं तर लोक हसतील. कराडच्या दुकानातली पोरगी हसलीच होती. ऋजुता शेटेने मनगट पुढे केलं, पोरीने त्यावर दुकानातल्या सगळ्यांत फिक्या शेडचा ठिपका लावला, आणि चुन्याच्या भिंतीवर चहा सांडावा तसा तो दिसला.

"ताई, ह्याच्यापेक्षा गोरं येतच नाही," पोरगी म्हणाली. "लोक ह्या शेडसाठी भांडतात, आणि तुम्हाला ही काळी पडतेय?"

तोवर ऋजुताने पुण्यापासून कोरियापर्यंतच्या बाटल्या मागवून बघितल्या होत्या. एक गुलाबी पडायची, दुसरी पिवळी. तिसरी दुकानाच्या दिव्यात बेमालूम जुळायची आणि रस्त्यावर उन्हात आली की चेहऱ्यावर डाळीचं पीठ थापल्यासारखी दिसायची. तिला गोरं व्हायचं नव्हतंच मुळी. आहे त्याच रंगाचं काहीतरी हवं होतं, म्हणजे गालावरच्या निळ्या शिरा आणि उन्हाने उठणारे लाल चट्टे झाकले गेले असते, आणि बसमध्ये शेजारची बाई अंग चोरून बसली नसती.

कारण तो रंग जन्माचा नव्हता, कोडाचा होता. शाळेत असताना कोपरावर तांदळाएवढा डाग उठला, मग दुसरा, आणि कॉलेज संपेपर्यंत सगळे डाग एकमेकांना मिळाले. मूळचा गव्हाळ रंग अंगावर औषधालासुद्धा उरला नाही. केस काळेभोर, डोळे काळेभोर आणि कातडी कोऱ्या कागदासारखी. डॉक्टरांनी नीट समजावून सांगितलं होतं. कातडीला रंग देणाऱ्या पेशी असतात. रोगजंतूंशी लढणारे शरीराचे पहारेकरी कधीकधी या घरच्याच पेशींना चोर समजून हाकलून लावतात. संसर्ग नाही, दुखणं नाही, जिवाला धोका नाही. "उन्हाला जपा, बाकी काही नाही," डॉक्टर म्हणाले. बाकीचं समाजाने बघून घेतलं. बघायला आलेली स्थळं गेली ती गेलीच. एका मुलाच्या आत्याने तर चहाच्या कपाला हातही लावला नाही.

आणि मग बाजारात साय आली.

कंपनीने तिचं नाव काहीतरी लांबलचक ठेवलं होतं, पण लोकांनी तिला साय म्हणायला सुरुवात केली आणि तेच रुळलं. दुधावर धरते तसा तो कातडीवर धरणारा पातळ, जिवंत थर. प्रयोगशाळेत रंग तयार करायला शिकवलेले निरुपद्रवी जिवाणू त्यात असतात. ते माणसाच्या घामावर जगतात. घामातला युरिया खाऊन ते किंचित अमोनिया सोडतात, त्यामुळे एरवी जराशी आम्लधर्मी असलेली आपली कातडी सायीखाली अल्कधर्मी होते, आणि सायीला तेच मानवतं. रोज पोषणाचा फवारा मारला की झालं. ती पाण्याने धुतली जात नाही, घामाने ओघळत नाही, नवऱ्याच्या सदऱ्याला लागत नाही. माहितीपत्रकात एकच ताकीद होती, की आंबट लागू देऊ नका. लिंबू, चिंच, व्हिनेगर लागलं की साय मरते आणि सुटून येते.

तिच्या चाळीस शेड निघाल्या. पहिली, सगळ्यांत फिकी, केतकी. तिच्याहून फिकी साय बनूच शकत नव्हती, कारण त्या जिवाणूंना स्वतःचाच थोडा रंग होता. म्हणजे ऋजुताचा खरा रंग इथेही नव्हता. पण निदान सगळ्यांत जवळचा हाच होता. केतकी लावली आणि ती नुसती गोरी दिसू लागली. साधी, चारचौघींसारखी गोरी. आईने मीठमोहऱ्यांनी दृष्ट काढली. ऋजुता आरशासमोर बराच वेळ उभी होती, आणि आपण आरशाच्या बाहेर आहोत की आत हे तिला कळत नव्हतं.

सांगलीच्या तोडकरांचं स्थळ आलं ते त्यानंतरच. तोडकरांची हळदीची जुनी पेढी. मुलगा शंतनू मात्र पेढीवर बसत नव्हता. तो पुण्यात राहून पुलांची तपासणी करायचा. कांदेपोह्यांच्या वेळी त्याने बशीतली लिंबाची फोड चमच्याने हळूच कडेला सारली. ऋजुताने तर आधीच सारली होती. शंतनूच्या आईने, महानंदाबाईंनी, ते नेमकं टिपलं.

"बघा की, आवडीनिवडीपण जुळल्या!" त्या म्हणाल्या. "आणि रंग तर बघा. एका साच्यातून काढल्यासारखा जोडा शोभतोय."

जोडा शोभतो, हे वाक्य मग ऋजुताची पाठ सोडेना. साखरपुड्यात फोटोग्राफर म्हणाला, कराडातली लतामावशी म्हणाली, शेजारपाजारही म्हणाला. प्रत्येक वेळी ऋजुता हसायची आणि पदराखालची मूठ घट्ट व्हायची. तिला शंतनू आवडला होता, हीच तर पंचाईत होती. तो पुलांबद्दल बोलताना रंगून जायचा. दगडी कमानीला कुठे तडा जातो ते हाताने हवेत काढून दाखवायचा, आणि मधेच थांबून, "मी फार बोलतोय का?" असं विचारायचा. असल्या माणसाला फसवायचं तिच्या जिवावर आलं होतं.

"आई, मी त्याला सांगणार आहे," ती म्हणाली.

आई फवाऱ्याची बाटली भरत होती. तिने मान वर केली नाही. "सांग की. मग तो आईला सांगेल, आई जावेला सांगेल, आणि परवा आपल्या दारात पुन्हा कुणी येणार नाही. तुझ्या अंगावरचा पहिला डाग मी पाहिलाय गं. त्या दिवसापासून मला नीट झोप नाही. आता कुठे लागायला लागलीय."

तरीही एकदा कृष्णेच्या घाटावर तिने धीर केला. नदीवर ऊन होतं, ते दोघं झाडाच्या सावलीत बसले होते.

"शंतनू, मी दिसते तशी नाही."

तो दचकला. मग उगाच हसला. "कोण असतं?" असं म्हणून त्याने एकदम पलीकडच्या पुलाकडे बोट दाखवलं आणि त्याच्या खांबांबद्दल बोलायला लागला. तिला वाटलं, त्याला ऐकायचंच नाही. तिनेही पुन्हा विषय काढला नाही.

ऋजुताचं काम लग्नांच्या व्हिडिओंचे रंग दुरुस्त करायचं. घरी बसून पडद्यावर नवरानवरीच्या कातडीचे रंग जुळवायचे, मांडवाचा हिरवा दिवा गालांवर पडला असेल तर तो काढायचा. अलीकडे तिच्याकडे एक तक्रार वारंवार यायची. हळदीच्या कार्यक्रमात हळद लालसर दिसतेय, पिवळी करून द्या. ती कॅमेऱ्याला शिव्या घालायची आणि करून द्यायची. किती नवरदेवांच्या आणि नवरींच्या गालांवरची लाली तिने अशी पिवळी केली होती, तिलाच आठवत नव्हतं.

लग्न तोंडावर आलं होतं. आमटीला फोडणी देताना तिच्या हातून हळदीचा चमचा निसटला आणि हळद मनगटावर सांडली. वाफेने हात ओला होता. तिच्या डोळ्यांदेखत हळद लाल झाली. कुंकवासारखी लाल.

शाळेतल्या पोराला माहीत असलेली गोष्ट. हळद अल्कात लाल होते. हळदीच्या डागाला साबण लावला की तो लाल होतो, हळदीत चुना घातला की कुंकू होतं. आपल्या आज्या-पणज्या तेच करत आल्या. सायीखालची कातडी अल्कधर्मी असते हे पत्रकात छापलेलं होतं. कंपनीने ती साय लिंबात, समुद्रात, पोहायच्या तलावात, कशाकशात तपासली होती. पण लग्नाच्या दिवशी माणसाला नखशिखांत हळद फासतात, हे त्या परदेशातल्या प्रयोगशाळेत कुणाच्या स्वप्नातही आलं नसणार. आणि जिला ते पाठ होतं त्या ऋजुतालाही ते सुचलं नव्हतं. पडद्यावरच्या त्या लाल हळदींचा अर्थ तिला आत्ता लागला. ती एकटी नव्हती तर. केवढी माणसं सायीआड लपून बोहल्यावर चढत होती, आणि त्यांची लाज तीच झाकून देत होती.

आईचा चेहरा उतरला. तिने लगेच सांगलीला फोन लावला. हल्ली नुसत्या फुलांच्या पाकळ्यांची हळद करतात, अंगाला त्रास नाही, असं काहीतरी तिने चाचरत सांगितलं. महानंदाबाईंचं हसणं खोलीभर ऐकू आलं.

"अहो विहीणबाई, हळदीच्या पेढीवरचं लग्न, आणि हळदीलाच फाटा? पाव्हणे तोंडात शेण घालतील आमच्या! आमच्या राजापुरी हळदीचं वाटण तुमच्या लेकीला लागणार म्हणजे लागणार."

साय काढून पाटावर बसावं, तर पांढरा चेहरा सगळ्यांसमोर. साय ठेवून बसावं, तर लाल चेहरा सगळ्यांसमोर. इकडे आड, तिकडे विहीर. ऋजुता म्हणाली, "लग्नच नको." आई म्हणाली, "थांब जरा." तिने डाळीच्या पिठात खायचा पिवळा रंग कालवून एका वाटीत वाटण केलं. त्यात हळदीचा कणही नव्हता. नवरदेवाला लागलेली उष्टी हळद नवरीकडे येते. ती वाटी आतल्या खोलीत न्यायची, नारळाच्या पिशवीतली ही वाटी बाहेर आणायची, झालं. ऋजुताने मान हलवली. आपण आता कशालाही मान हलवतो, हे तिच्या लक्षात आलं आणि तिला स्वतःची किळस आली.

सकाळी हळद आणि दुपारी अक्षता, असा बेत होता. सांगलीच्या कार्यालयात समोरासमोरच्या दोन खोल्या दोन्हीकडच्यांना दिल्या होत्या. ऋजुता हिरव्या बांगड्या भरून पाटावर बसली. सवाष्णी आंब्याची पानं हातात घेऊन तयार होत्या. पलीकडच्या खोलीत नवरदेवाची हळद सुरू झाली तेव्हा हसण्याखिदळण्याचा आवाज येत होता. मग तो एकाएकी थांबला.

शंतनूची धाकटी बहीण पूर्वा करवली होती. ती उष्टी हळद घेऊन आली ती वाटीवर पदर धरून, खाली बघत. लतामावशीने पदर बाजूला केला.

वाटीतली हळद पिवळी होती, पण तिच्यात लाल रेघा होत्या. जिथे जिथे अंगावरून निपटून परत वाटीत घातली होती तिथे ती कुंकवासारखी झाली होती.

"अगं बाई, हे काय?" लतामावशी म्हणाली.

"पानाच्या तबकातला चुना... कुणाचा तरी हात लागला वाटतं," पूर्वा म्हणाली. तिला खोटं बोलायची सवय नव्हती. तिचे कान लाल झाले होते.

ऋजुता त्या रेघांकडे बघत राहिली. पोह्यांच्या बशीतली कडेला सारलेली फोड तिला आठवली. घाटावरचं ते दचकणं, पुलाकडे केलेलं बोट. एका साच्यातून काढल्यासारखा रंग. साचा एकच होता, हे खरंच होतं. तिला केतकीहून फिकी साय मिळत नव्हती, आणि त्याला केतकीहून गोरी घेता येत नव्हती. ती रांगेच्या एका टोकाबाहेर उभी होती, तो कुठेतरी फार मागे, आणि दोघं येऊन एकाच बाटलीपाशी थांबले होते.

"पूर्वा, खरं सांग," ती हळूच म्हणाली. "कधीपासून लावतात ते?"

पूर्वाच्या डोळ्यांत पाणी आलं. "तुमचा फोटो आला तेव्हापासून, वहिनी. दादा उन्हात पुलांवर चढतो, पार काळा आहे. आधीच्या दोन मुलींनी तेवढ्यावरून नाही म्हटलं. मग आई म्हणाली, मुलगी एवढी गोरी, जोडा शोभायला नको का? त्याला साय नको होती. घाटावर तुम्हाला सांगणार होता, पण तुम्हीच काहीतरी बोलायला लागलात आणि तो घाबरला."

आईला एवढंच कळलं, की संकट टळलं. तिने ऋजुताच्या कानाशी तोंड नेलं. "देवच पावला बघ. हळद नासली म्हणू या, आपली वाटी आणते. त्यांचंही झाकलं जाईल, आपलंही."

अगदी खरं होतं ते. सगळ्यांचं झाकलं जाणार होतं. आणि त्या झाकणाखालचा जन्म ऋजुताला लख्ख दिसला. एका घरात दोन कपाटं, दोघांच्या कपाटात एकेक फवारा, दोघांच्या न्हाणीघराला आतून कडी. घरात लिंबू येणार नाही, आणि का येत नाही ते कुणी विचारणार नाही. उद्या मूल होईल, आणि ते आईच्याही रंगाचं नसेल, बापाच्याही. सगळे विचारतील कुणावर गेलंय, आणि ती दोघं एकमेकांकडे न बघता हसतील.

आई पिशवी उघडत होती. ऋजुताने पूर्वाच्या हातातली वाटी ओढून घेतली, बोटं भरून हळद काढली आणि आपल्या गालावर कानापासून हनुवटीपर्यंत फासली. मग दुसऱ्या गालावर. मग कपाळावर.

हळद लाल व्हायला वेळ लागला नाही.

"घात केलास गं," आई म्हणाली आणि मटकन खाली बसली.

ऋजुताने गालावरची लाल हळद निपटून वाटीत घातली आणि वाटी पूर्वापुढे धरली. "ही परत घेऊन जा. माझी उष्टी त्यांना दाखव."

"वहिनी, अशी रीत नाही."

"सायीची तरी कुठे रीत होती?"

पूर्वा गेली. मग जी वाट बघावी लागली तिच्याइतकं लांबलचक काही ऋजुताने आयुष्यात अनुभवलं नव्हतं. गाल चुरचुरत होते. उठून जायला जागा नव्हती. दारात बायका, मागे भिंत. दोघी-तिघी सवाष्णी आंब्याची पानं खाली ठेवून निघून गेल्या. पलीकडून महानंदाबाईंचा चढलेला आवाज आला, मग शंतनूचा, शांत. तो आता मांडव सोडून जाईल, असं तिला वाटलं. जावो. पण निदान त्याला कळलं तरी असेल, की इकडे कोण बसलं होतं.

पूर्वा पळत आली. ती रडत होती आणि हसतही होती. तिने वाटी ऋजुताच्या मांडीवर ठेवली. वाटीत हळदीवर अर्धं लिंबू होतं, ताजं कापलेलं.

"अर्धं दादाने ठेवलंय," ती म्हणाली.

ऋजुताला रडू कोसळलं. कितीतरी महिन्यांनी तिने लिंबू हातात धरलं होतं. त्या वासानेच तिच्या तोंडाला पाणी सुटलं. तिने ते गालावर पिळलं. रस जिथून ओघळला तिथली लाल हळद पुन्हा पिवळी झाली, जणू कुणी तिचाच व्हिडिओ दुरुस्त करत होतं. मग कडेने साय सुटू लागली. तिने चिमटीत धरून ओढली तशी ती अलगद निघत आली, आणि खालचा तिचा स्वतःचा रंग, कुठल्याच बाटलीत न मिळालेला, सगळ्यांसमोर उघडा पडला. कुणीतरी "कोड आहे," असं पुटपुटलं.

"हो, कोड आहे," ऋजुता म्हणाली. "लावा हळद."

एकही सवाष्ण पुढे झाली नाही. आई उठली. आता ती काय करते ते ऋजुताला कळेना. आईने तिच्या हातून ते पिळलेलं लिंबू घेतलं, तिची वेणी बाजूला केली आणि मान पुसायला सुरुवात केली.

"कानामागे राहिलीय," ती म्हणाली. तिचा हात नेहमीसारखा चालत होता. मग तिनेच वाटीतली हळद घेऊन लेकीच्या पांढऱ्या गालाला लावली. ती पिवळी राहिली.

दुपारी अंतरपाट धरला तेव्हा अर्ध्या खुर्च्या रिकाम्या होत्या. पलीकडे कोण उभं आहे हे ऋजुताला खरोखरच माहीत नव्हतं. आवाज माहीत होता, हात माहीत होते. अंतरपाटाखालून तिला त्याची पावलं दिसत होती. सावळी नव्हेत, चांगली काळीशार, नखांच्या कडेला हळद राहिलेली. तिची पावलंही त्याला दिसत असणार. तिने ती पदराखाली ओढली नाहीत.

अक्षता पडल्या आणि अंतरपाट दूर झाला. शंतनू तिच्याकडे बघत राहिला. उन्हाने रापलेला, रुंद कपाळाचा एक अनोळखी माणूस.

"मी फार काळा आहे का?" त्याने विचारलं.

"मी फार पांढरी आहे का?"

दोघंही हसले, आणि हार घालायचं विसरले. मांडवात त्या दिवशी जोडा शोभतो असं कुणीही म्हणालं नाही.